फोटोला हार, फायलीला वाळवी

दरवर्षी ६ जानेवारीला महाराष्ट्रभर जे होतं तेच कोल्हापुरातही होतं. बाळशास्त्री जांभेकरांच्या प्रतिमेला हार पडतो, शाल-श्रीफळ दिलं-घेतलं जातं आणि व्यासपीठावरचे पाहुणे जुन्या संपादकांना तीन विशेषणं बहाल करून मोकळे होतात : निर्भीड, निःपक्ष, ध्येयवादी. जांभेकरांचं ‘दर्पण’ हे पत्र १८३२ साली ह्याच तारखेला निघालं, हे सगळ्यांना पाठ असतं. ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघायचं आणि १८४० साली, म्हणजे आठ वर्षांत, बंद पडलं, हे फारसं कुणी सांगत नाही. त्या सभागृहातल्या किती जणांनी ‘दर्पण’चं एक तरी पान वाचलं आहे, असं विचारणं तर शुद्ध आगाऊपणा ठरेल.

तो आगाऊपणा करण्यासाठीच हे लिहितोय. वर्तमानपत्रं बहरली त्या काळातली मोठी माणसं आपण फोटोत बसवली आणि त्यांची पत्रं वाऱ्यावर सोडली. संपादकाची आठवण ठेवायची तर त्याचा अंक वाचता आला पाहिजे. तोही त्याच्या चुकांसकट, आणि शेजारी त्याच्या विरोधकाचा अंक ठेवून. कोल्हापुरात ही गोष्ट जास्त निकडीची आहे, कारण ह्या शहराची गेल्या दीडशे वर्षांतली बहुतेक मोठी भांडणं छापखान्यांतून लढली गेली. चौक, पुतळे, जयंत्या ह्यांवर आपण सार्वजनिक पैसा हात सैल सोडून खर्च करतो. जुन्या अंकांच्या फायली जपणं, त्यांची छायाचित्रं काढून त्या सगळ्यांना खुल्या करणं, हे काम मात्र कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतं. ते असलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे. ते का, हे सांगायला मात्र थोडं मागं जावं लागेल.

सुरुवात कोल्हापूरच्या नावानंच गाजलेल्या खटल्यापासून करू. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ १८८१ च्या जानेवारीत सुरू झाले आणि वर्षभरात कोल्हापूरच्या प्रकरणात सापडले. गादीवर तरुण चौथे शिवाजी महाराज होते. त्यांना वेडं ठरवून त्यांचा छळ चाललाय आणि त्यामागं दिवाण बर्वे आहेत, अशी कुजबुज कोल्हापुरातून पुण्यापर्यंत पोचली होती. पुण्याच्या पत्रांनी ती उचलली, आणि बर्व्यांच्या हातची म्हणून सांगितलेली कागदपत्रं छापली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. कागद बनावट निघाले. संपादकांनी माफी मागितली, तरी १८८२ च्या जुलैत टिळक आणि आगरकर ह्या दोघांना चार-चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. खटल्याच्या वेळी महात्मा फुल्यांच्या पुढाकारानं रामशेठ उरवणे यांनी १०,००० रुपयांचा जामीन दिला होता. पुढं फुल्यांच्या अनुयायांत आणि ‘केसरी’त जे जुंपलं ते पाहता हा जामीन विसरला जाणं दोन्ही बाजूंच्या सोयीचं होतं.

भाषणांत हे सगळं ‘सत्यासाठी सोसलेला तुरुंगवास’ एवढ्यावर आटोपतं. खरी हकीकत जास्त अडचणीची आहे, आणि म्हणूनच जास्त उपयोगाची. सव्विशीतल्या दोन हुशार तरुणांनी न पडताळलेले कागद छापले, कारण त्यांतला मजकूर त्यांना खरा वाटत होता आणि तो खरा असावा अशी त्यांची इच्छा होती. ह्यात ते चुकले. पण १८८३ च्या २५ डिसेंबरला अहमदनगरमध्ये नजरकैदेत असलेल्या त्याच छत्रपतींचा, ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर, मृत्यू झाला. कागद खोटे होते. राजाच्या हालांविषयीचा संशय निराधार नव्हता. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरायला शिकवणारा ह्यापेक्षा चांगला धडा पत्रकारितेच्या कुठल्या वर्गात मिळणार? आज हातातल्या फोनवर आलेला प्रत्येक ‘पुरावा’ पुढं ढकलणाऱ्याला तर तो सक्तीनं वाचायला लावावा. पण त्यासाठी ते अंक, ती माफी, तो निकाल समोर असायला हवा. ‘टिळक तुरुंगात गेले’ ह्या एका ओळीतून काहीच शिकता येत नाही.

दुसरं प्रकरण वेदोक्ताचं. त्यावर कोल्हापुरात अजूनही आवाज चढतात. १८९९ साली पंचगंगेवर स्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी वेदांतले (वेदोक्त) मंत्र न म्हणता शूद्रांसाठीचे पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचं उघड झालं, त्यातून वाद पेटला, आणि १९०१ साली ‘केसरी’नं वेदोक्ताचा आग्रह अनाठायी ठरवणारे लेख लिहिले. ही झाली तोंडी चालत आलेली हकीकत. तालमीच्या कट्ट्यावर, कॉलेजच्या स्पर्धेत, निवडणुकीच्या सभेत ती सारखी ऐकू येते. त्या लेखांतली नेमकी वाक्यं कोणती, युक्तिवाद कोणता, त्याला उत्तरं कुणी आणि कुठल्या पत्रातून दिली, हे विचारलं की बोलणारा गप्प होतो. टिळकांचे भक्त ते लेख लपवतात, टिळकांचे विरोधक ते न वाचताच उद्धृत करतात. मला विचाराल तर ते लेख टिळकांच्या लेखणीला शोभणारे नव्हते. शाहू महाराजांच्या मागणीतला मानाचा मुद्दा त्यांना कळला नाही, किंवा कळूनही त्यांनी बाजूला सारला. पण हे मी म्हणतो म्हणून वाचकानं का मानावं? त्याला लेख वाचून माझ्याशी भांडता आलं पाहिजे.

आता अशा एका माणसाकडे येतो, ज्याचं काय करायचं हे कोल्हापूरला अजून ठरवता आलेलं नाही. विष्णू गोविंद विजापूरकर राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी इथंच ‘ग्रंथमाला’ हे मासिक चालवलं. इतिहासाचार्य राजवाड्यांचं लेखनही त्यात आलं. पुढं ‘समर्थ’ आणि ‘विश्ववृत्त’ निघाली. विजापूरकर राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतले, टिळकांच्या गोटातले. शाहू महाराजांचं कोल्हापूर आणि विजापूरकरांचं कोल्हापूर ह्यांत पंचगंगेच्या पात्राएवढं अंतर. १९०८ साली ‘विश्ववृत्ता’त श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ हा लेख आला. वेदांतल्या ऋचांचा अर्थ सांगणाऱ्या त्या लेखात सरकारला राजद्रोह दिसला. संपादक विजापूरकर आणि त्यांचे सहकारी वामन मल्हार जोशी, दोघांना तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली. हेच वामन मल्हार पुढं ‘रागिणी’कार म्हणून मराठी घराघरांत पोचले आणि १९३० साली मडगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मराठीतल्या तत्त्वचिंतक कादंबरीकाराच्या उमेदीची तीन वर्षं कोल्हापूरच्या एका मासिकापायी तुरुंगात गेली, ही गोष्ट ह्या गावात किती जणांना ठाऊक आहे?

न ठाऊक असण्याचं कारण उघड आहे. आपण कोल्हापूरला ‘शाहूंची नगरी’ म्हणतो आणि ते योग्यच आहे. १९०२ च्या २६ जुलैला नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांना राखून ठेवणारा जाहीरनामा काढणाऱ्या राजाचं नाव गावानं का लावू नये? पण त्या चौकटीत विजापूरकर बसत नाहीत. ते ब्राह्मणी राष्ट्रवादाच्या बाजूचे, म्हणून एका बाजूला नकोत. दुसऱ्या बाजूला त्यांचं नाव घेतलं की शाहू महाराजांशी असलेल्या विरोधाचा विषय निघतो, म्हणून तिलाही अवघड. मग दोन्ही बाजूंनी मिळून त्यांना विसरून टाकायचं. मी शाहूंच्या बाजूचा माणूस आहे. वेदोक्तात आणि राखीव जागांत महाराज बरोबर होते ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही परक्या सरकारच्या विरोधात छापलेल्या एका लेखासाठी ह्याच गावातला एक प्राध्यापक आणि एक लेखक तीन वर्षं आत गेले, हे माझ्या गावाच्या इतिहासातून गाळायला मी तयार नाही. ‘विश्ववृत्ता’चे अंक समोर असते तर ही गाळणी इतकी सहज चालली नसती.

शाहू महाराजांनी स्वतः छापील शब्दाची ताकद फार लवकर ओळखली होती. वेदोक्ताच्या काळात त्यांच्यावर पुण्या-मुंबईच्या पत्रांतून जो मारा झाला, त्याला उत्तर द्यायला त्यांच्या हाती पत्र नव्हतं. ते दुखणं त्यांनी पुढं पैशानं, ओळखीनं, मदतीनं दूर केलं. ब्राह्मणेतर चळवळीतल्या कितीतरी संपादकांना कोल्हापूरचा आधार होता. दत्तोबा पवारांच्या मध्यस्थीनं महाराजांची आणि डॉ. आंबेडकरांची गाठ पडली. १९२० च्या ३१ जानेवारीला ‘मूकनायक’ निघालं, त्यासाठी महाराजांनी २,५०० रुपये दिले होते. ‘केसरी’नं ‘मूकनायक’ची पोच द्यायचं तर सोडाच, पैसे मोजून जाहिरात छापायलाही नकार दिला, असं बाबासाहेबांनी स्वतः नोंदवून ठेवलंय. दोनच महिन्यांनी माणगावच्या परिषदेत महाराजांनी बाबासाहेबांना पुढारी म्हणून सगळ्यांसमोर उभं केलं. ‘मूकनायक’ १९२३ साली बंद पडलं. तीन-सव्वातीन वर्षांचं आयुष्य. पण हाती लागलेले अंक राज्य सरकारनं १९९० साली पुस्तकरूपानं छापले, त्यामुळं आज बारावीतलं पोरही तो पहिला अग्रलेख वाचू शकतं. छापून ठेवल्यामुळं काय होतं ह्याचं हे उदाहरण. आंबेडकरांच्या बरोबरीनं त्याच सुमारास कोल्हापुरातून लिहिणाऱ्यांच्या नशिबी ते आलं नाही.

मदतीचा हा विषय निघाला की एक आक्षेप हमखास येतो : संस्थानच्या पैशावर चालणारी पत्रं स्वतंत्र कशी म्हणायची? आक्षेप खोटा नाही. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याविरुद्ध लिहिताना हात अडखळतोच, आणि त्या काळच्या काही पत्रांत महाराजांची स्तुती वाचताना आज कंटाळा येतो. पण सगळ्यांना एका मापानं मोजता येत नाही. प्रबोधनकार ठाकऱ्यांना महाराजांविषयी आदर होता, महाराजांचाही त्यांच्यावर लोभ. तरी अंबाबाईच्या गाभाऱ्यात शिरून काही मराठा तरुणांनी स्वतः पूजा केली आणि संस्थानानं त्या तरुणांवरच कारवाई केली, तेव्हा ‘प्रबोधन’नं महाराजांना सोडलं नाही, चांगलंच झोडपलं. कुणाचा हात अडखळला आणि कुणाचा नाही, हे विशेषणांवरून ठरत नाही. त्यासाठी अंक चाळावे लागतात. निर्भीडपणा हा कुणाच्या स्वभावाला कायमचा चिकटलेला गुण नसतो, तो अमुक तारखेच्या अमुक अंकात दिसतो किंवा दिसत नाही.

निःपक्षपातीपणाचं तर बोलायलाच नको. त्या काळातलं एकही नाव घेण्याजोगं पत्र निःपक्ष नव्हतं. ‘दीनबंधु’, ‘दीनमित्र’, ‘विजयी मराठा’, ‘जागृती’, ‘राष्ट्रवीर’ ही पत्रं बाजू घेण्यासाठीच निघाली होती. ‘केसरी’, ‘काळ’ हेही बाजू घेण्यासाठीच. कोल्हापुरात खंडेराव बागलांनी १९२५ साली साप्ताहिक काढलं त्याचं नावच ‘हंटर’. निःपक्षपातीपणाची शाल त्यांच्या खांद्यावर टाकणं म्हणजे पैलवानाला मारामारीची आवड नव्हती असं सांगण्यासारखं आहे. भाषा अनेकदा विखारी असायची, जातीवरून टोमणे असायचे, वैयक्तिक बदनामी असायची. दिनकरराव जवळकर आणि केशवराव जेध्यांना ‘देशाचे दुश्मन’ ह्या पुस्तिकेपायी शिक्षा झाली, आणि अपिलात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. शिक्षा रद्द झाली. त्या पुस्तिकेतली भाषा आज वाचली तर तिच्या बाजूचा माणूसही थोडा चपापतो. चपापावंच. आपल्या बाजूच्या माणसानं किती पातळी सोडली होती, हे कळल्याशिवाय दुसऱ्या बाजूच्या पातळीवर बोलायचा हक्क मिळत नाही.

बागल घराण्याचं ‘हंटर’ मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यातून माधवराव बागल घडले. चित्रकार, लेखक, सत्यशोधक, आणि पुढं प्रजा परिषदेचे पुढारी. संस्थानी मुलुखात पत्र चालवणं म्हणजे काय, हे आज समजणं अवघड आहे. ब्रिटिश मुलुखात निदान कोर्टकचेरी होती. संस्थानात दरबारची मर्जी हाच कायदा. त्यातच १९२२ साली, म्हणजे शाहू महाराज गेले त्याच वर्षी, ब्रिटिश सरकारनं संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरवणाऱ्या लेखनाला बाहेरच्या मुलुखातही आळा घालणारा कायदा केला. म्हणजे इथल्या अन्यायाविषयी पुण्यात छापायचं तर तिथंही बेडी. अशा मुलुखात १९३९ साली प्रजा परिषद उभी राहते, जबाबदार राज्यपद्धती मागते आणि १९४९ च्या १ मार्चला संस्थान विलीन होतं, ह्या दहा वर्षांत पत्रांनी काय केलं? कुठली बातमी कुणी छापली, कुणी दाबली? बाळासाहेब पाटलांचं ‘सत्यवादी’ १९२६ पासून निघत होतं, ग. गो. जाधवांचा ‘पुढारी’ १९३९ च्या १ जानेवारीपासून दैनिक झाला. ह्या प्रश्नांची उत्तरं त्या फायलींत आहेत. दुसरीकडं कुठंही नाहीत.

माधवराव बागलांचं कोल्हापूरला दिसणारं स्मारक म्हणजे बिंदू चौकातले फुले आणि आंबेडकरांचे पुतळे. १९५० च्या ९ डिसेंबरला, बाबासाहेब हयात असताना, त्यांनी ते पुढाकार घेऊन बसवले. त्या चौकातून जाणारा प्रत्येक जण ते पाहतो. पुतळे उभे करणाऱ्या माणसानं आयुष्यभर लिहिलं काय, हे मात्र सहज वाचायला मिळत नाही. मी पुतळ्यांच्या विरोधात नाही. बिंदू चौकातले ते दोन पुतळे एका काळाचं धाडस सांगतात. पण ज्याच्या हातून पुतळे उभे राहिले त्याच्या शब्दांवर धूळ बसू द्यायची, हा कसला न्याय?

इथं थोडं विषयांतर. ‘वर्तमानपत्रांचा सुवर्णकाळ’ असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर भरभराट येते. पत्रं खूप निघाली हे खरं, पण एकेक पत्र उपाशी असायचं. वर्गणी थकलेली, कागद उधारीवर, संपादकच लेखक, तोच हिशेबनीस, पोस्टात गठ्ठे टाकायलाही तोच. मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ १९१० पासून पन्नासहून जास्त वर्षं अहमदनगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून चालवलं. शहर नाही, वीज नाही, जाहिरातदार नाहीत. तानुबाई बिर्जे यांनी नवऱ्याच्या पश्चात ‘दीनबंधु’ची धुरा उचलली, देशातल्या पहिल्या स्त्री-संपादकांत त्यांचं नाव घेतलं जातं आणि जयंतीच्या पोस्टरवर मात्र क्वचितच सापडतं. आणि ज्यांची नावं कुठल्याच पोस्टरवर येणार नाहीत ते छपाईचे खिळे जुळवणारे जुळारी. देवनागरीच्या केसांत, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्यांत, खिळ्यांचे शेकडो प्रकार, जोडाक्षरं वेगळी, वेलांट्या-मात्रा वेगळ्या, अक्षर उलटं वाचायचं, शिसं हाताला, कंदिलाचा उजेड. संपादकाची रात्री बाराला आलेली खरड सकाळपर्यंत छापण्याजोगी करायची ती त्यांनी. सरकारचा डोळाही छापखान्यावर असायचा. १९१० च्या प्रेस कायद्यात जामिनकी मागितली जायची ती छापखानेवाल्याकडूनही. अंकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात ‘हे पत्र अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून प्रसिद्ध केले’ अशी ओळ असते. विसरलेल्या माणसांपर्यंत पोचायचा तोच एक धागा आहे, आणि तो अंकाबरोबरच जातो.

जातो म्हणजे खरोखर जातो. गंमत अशी की ‘दर्पण’च्या काळातला कागद चिंध्यांपासून केलेला असायचा, तो अजून टिकू शकतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यातला लिग्निन हा लाकडातला घटक उजेडानं पिवळा पडतो, कागदात आम्ल तयार होतं, आणि घडी उलगडली की पान हातात मोडतं. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई आली, तेव्हा मिळेल त्या कागदावर छापलं गेलं. म्हणजे १८३५ चा अंक वाचेल पण १९४२ चा वाचणार नाही, अशी उलटी परिस्थिती आहे. त्यात कोल्हापूरचा पाऊस. पंचगंगेचं पाणी २०१९ आणि २०२१ साली कुठवर आलं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. एका वाचनालयात मी जुन्या फायली मागितल्या तेव्हा त्या माळ्यावर बांधून ठेवल्यात आणि सोडल्या तर तुकडे होतील, असं उत्तर मिळालं. उत्तर देणारा माणूस प्रामाणिक होता. तुकडे होऊ नयेत म्हणून कुणी न वाचता ठेवलेल्या फायलींचेही शेवटी तुकडेच होतात.

ह्यात आणखी एक बोचरी गोष्ट. ब्रिटिश सरकारला देशी पत्रांची भीती वाटायची, म्हणून मुंबई इलाख्यातल्या पत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे दर आठवड्याला तयार व्हायचे. ज्यांचे मूळ अंक आता सापडत नाहीत अशा कित्येक मराठी पत्रांत काय छापलं होतं, हे आज ह्या गोषवाऱ्यांवरूनच कळतं. म्हणजे आपल्या संपादकांचे शब्द जपले ते त्यांच्यावर पाळत ठेवणाऱ्यांनी, तेही भाषांतरात. आपण त्यांचे वारस, आपण हार घालतोय.

ह्या कामाला विरोध होतो तो दोन प्रकारचा. पहिला असा की जुनी जातीय भांडणं कशाला उकरायची. वेदोक्त, छत्रपती मेळे (गणेशोत्सवातली ब्राह्मणेतरांची गाणारी पथकं), ब्राह्मण-ब्राह्मणेतर, सगळं पुन्हा पेटेल. माझा अनुभव उलटा आहे. भांडणं पेटतात ती न वाचलेल्या मजकुरावर. शाहू महाराजांच्या, टिळकांच्या, फुल्यांच्या, बाबासाहेबांच्या नावावर खपवलेली वाक्यं रोज फोनवर फिरतात. जुन्या ‘केसरी’चं म्हणून एखादं कात्रण फिरतं, त्यावर ना तारीख ना पान. ते खरं की बनावट हे ठरवायचं तर मूळ अंक समोर पाहिजे. १८८२ साली बनावट कागद ओळखायला खटला लागला. आज प्रत्येक वेळी खटला भरणार का? फाईल खुली असेल तर पाच मिनिटांत खोटं उघडं पडतं.

दुसरा विरोध मालकीचा. फायली ज्यांच्याकडं आहेत त्यांना वाटतं हा आमचा ठेवा. त्यात चूक नाही, त्यांनी जपल्या म्हणूनच त्या आहेत. पण कायदा वाचकाच्या बाजूनं बराच उदार आहे. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याचं लेखन सगळ्यांचं होतं. निनावी लेखनाच्या बाबतीत प्रसिद्धीपासून ६० वर्षं. जुन्या पत्रांतला बहुतेक मजकूर बिनसहीचाच असायचा. म्हणजे १९६० च्या आधीच्या निनावी बातम्या, अग्रलेख, वाचकांचा पत्रव्यवहार ह्यांना अडवणारं आता कुणी नाही. अडतंय ते कॅमेरा, दिवा, दोन शिकलेली पोरं आणि एक थंड कोरडी खोली ह्यांच्यापाशी. एका मोठ्या पुतळ्याच्या चौथऱ्याला जेवढा संगमरवर लागतो, त्याहून हे महाग पडेल असं वाटत नाही.

१८५० साली स्थापन झालेलं करवीर नगर वाचन मंदिर इथं आहे. शिवाजी विद्यापीठ आहे, तिथं ग. गो. जाधवांच्या नावाचं अध्यासन आहे. जुनी पत्रं चालवणारी घराणी आणि वृत्तसंस्था आहेत. महापालिका आहे. ह्या सगळ्यांना एका टेबलाशी बसवणं कोल्हापुरात सोपं नाही हे मान्य. इथं दोन तालमींची मिरवणूक एका वेळी काढायची तरी बैठका लागतात. म्हणून सगळ्यांची वाट बघू नये. एका संस्थेनं एका पत्रापासून सुरुवात करावी. माझं मत ‘विश्ववृत्ता’च्या १९०८ च्या अंकांना आहे. कारण ती आठवण कुठल्याच गटाच्या सोयीची नाही, त्यामुळं कुणाच्या मिरवणुकीत ती हायजॅक होण्याची भीती कमी.

विजापूरकर १९२६ साली गेले, वामन मल्हार १९४३ साली. दोघांचंही लेखन केव्हाच मोकळं झालंय. राहिले सातवळेकर. ते शंभरी पार करून १९६८ साली गेले, त्यामुळं ज्या लेखापायी दोघे तुरुंगात गेले त्यापुरती परवानगी मागितलेली बरी. त्यांनी काढलेलं स्वाध्याय मंडळ गुजरातेत वलसाड जिल्ह्यात पारडीला आहे. तिथं एक पत्र टाकून द्यायला कुठल्या ठरावाची गरज नाही.